गाणाऱ्या आजीचा शोध

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सनदा येतात, वतनाचे कागद येतात, फडताळातली एखादी गंजलेली तलवार येते. मुसलमान घरांत शजरा असतो. शजरा म्हणजे वंशवृक्ष. तो वर वर चढत बहुधा अरबस्तानात नाहीतर इराणात जाऊन पोचतो. वाटेत काझी भेटतात, किल्लेदार भेटतात, एखादे पीरही भेटतात. सारंगी वाजवणारा मात्र सहसा भेटत नाही. गाणारी बाई तर नाहीच नाही. या मुलखात इतकं गाणं-बजावणं झालं, ते करणारी माणसं काय सगळी निपुत्रिक मेली? त्यांचे नातू-पणतू कुठं गेले? ते तुमच्या-आमच्यातच आहेत. फक्त त्यांना ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगायचं नाही.

या प्रश्नाकडे मी वळलो तो विलायतेत. माझी मुलगी इंग्लंडच्या उत्तर भागात, लीड्स शहरात नोकरीला आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने तिच्याकडे राहिलो. शेजारी एक निवृत्त बसचालक राहत, वय सत्तरीच्या पुढं. इंग्रज माणूस पहिल्या भेटीत सहसा हवापाण्यापलीकडे जात नाही. हे गृहस्थ मात्र मी कविता लिहितो असं कळल्यावर दुसऱ्या दिवशी एक जाडजूड फाइल घेऊनच आले. फाइलीत त्यांच्या पणजीचा शोध होता. म्हणजे वडिलांच्या आजीचा. ही पणजी म्युझिक हॉलमध्ये गात असे.

'म्युझिक हॉल' म्हटल्यावर आपल्याला मुकाट्यानं बसून ऐकायची मैफल आठवेल. तसं ते नव्हतं. त्याचा जन्म दारूच्या गुत्त्यात झाला. गिरण्या-कारखाने वाढले, खेड्यांतली माणसं शहरांत आली, आठवड्याचा पगार शनिवारी हातात पडू लागला. संध्याकाळी गुत्त्यात बसलेल्यांपैकी कुणी गाऊ लागलं की पेल्यांचा खप वाढतो, हे मालकांच्या लक्षात आलं. मग एक पियानो आला, एक चौथरा आला, पुढं स्वतंत्र खोली आली. लँकेशरमधल्या बोल्टन या कापूसगिरण्यांच्या गावी टॉमस शार्पल्स यानं १८४० साली 'स्टार' नावाच्या गुत्त्याला जोडून गाण्याचं असं मोठं दालन चालवायला घेतलं. लंडनमध्ये चार्ल्स मॉर्टन यानं १८५२ साली 'कँटरबरी हॉल' काढला. त्याला तर म्युझिक हॉलचा जनकच म्हणतात.

कायद्यानंही हातभार लावला. १८४३ साली इंग्लंडमध्ये नाटकगृहांचा कायदा झाला. नाटक करायचं तर त्याचा परवाना घ्या, पण मग प्रेक्षागृहात पेले फिरवता येणार नाहीत. पेले फिरवायचे तर संवादांचं नाटक करता येणार नाही. गाणी, नकला, कसरती चालतील. गुत्तेवाल्यांनी कोणती वाट धरली, हे सांगायला नको. एका कायद्याच्या कलमातून असा एक अख्खा कलाप्रकार जोमानं वाढला.

लीड्समध्ये ब्रिगेट नावाचा जुना हमरस्ता आहे. त्याच्या आडोशाला, बोळात, 'व्हाइट स्वान' नावाची खानावळ होती. तिचा मालक चार्ल्स थॉर्नटन यानं १८६५ साली तिथं नवं गायनगृह बांधून घेतलं. त्याचं नाव मोठं ऐटबाज होतं : 'थॉर्नटन्स न्यू म्युझिक हॉल अँड फॅशनेबल लाउंज'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'थॉर्नटन यांचं नवं गायनगृह आणि झोकदार बैठक'. त्या वेळी लीड्सला 'सिटी' हा दर्जाही नव्हता, तो १८९३ साली मिळाला. लोकर, लिनन आणि शिवणकाम यांवर जगणारं ते धुराचं गाव होतं. तयार कपडे कारखान्यात शिवून विकण्याचा धंदा जॉन बॅरन या माणसानं तिथं वाढवला आणि हजारो मुली शिवणयंत्रांवर बसल्या.

थॉर्नटनचं ते गायनगृह आजही उभं आहे. 'सिटी व्हरायटीज' या नावानं ते चालतं. मी आत जाऊन पाहिलं. लांबट, अरुंद दालन, दोन्ही बाजूंनी पुढं झुकलेले सज्जे, त्यांवर सोनेरी रंगाची नक्षी. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात इतकं कमी अंतर की गाणाऱ्याला समोरच्याच्या कपाळावरचा घाम दिसावा. चार्ली चॅप्लिन लहानपणी 'एट लँकेशर लॅड्स' या मुलांच्या नाचपथकातून इथं येऊन गेला. त्याचे आईवडील दोघंही म्युझिक हॉलचे गायक होते. आईचा आवाज बसला तेव्हा, वयाच्या पाचव्या वर्षी, तो पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला. १९५३ पासून १९८३ पर्यंत बीबीसी याच वास्तूतून 'द गुड ओल्ड डेज' हा कार्यक्रम दाखवत असे. प्रेक्षक जुन्या काळचे पोशाख घालून येत. म्हणजे ज्या जागेला आजोबांनी नावं ठेवली, तिथं नातू नटून-सजून जाऊन बसले.

आजोबांनी नावं ठेवली, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. लहान मुलांकडून 'दारूला शिवणार नाही' अशी शपथ घेवविणारी 'बँड ऑफ होप' ही चळवळ १८४७ साली याच लीड्समध्ये सुरू झाली. एकाच गावात एकीकडे झोकदार बैठक आणि दुसरीकडे शपथ घेणारी मुलं. माझ्या शेजाऱ्यांचे आजोबा त्या शपथेतले होते. आणि त्यांची आई रात्री गायनगृहात गात होती! आजोबांनी पुढं आपल्या मुलाबाळांना इतकंच सांगितलं की, माझी आई शिवणकारखान्यात होती आणि तरुणपणीच वारली. दोन पिढ्या हीच गोष्ट चालली.

मग शेजाऱ्यांना खरं कळलं कसं? मला यातच जास्त रस होता. त्यांनी मला एकेक कागद समजावून सांगितला.

इंग्लंडमध्ये १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद होते. १८४१ पासून दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत घराघरातल्या माणसांची नावं आहेत. शंभर वर्षं झाली की ती यादी लोकांना खुली होते. १९२१ ची यादी २०२२ साली खुली झाली. १९३१ ची मात्र १९४२ साली आगीत जळाली. शेजाऱ्यांनी १८८१ ची यादी उघडली. चौदा वर्षांची मुलगी, धंदा शिवणकाम. म्हणजे घरची गोष्ट अर्धी खरी होती. पण १८९१ च्या यादीत ती लीड्सला नव्हतीच. नवरा आणि तान्हं मूल सासूजवळ, आणि बाईचा पत्ता नाही.

पुढचा धागा पोटमाळ्यावर मिळाला. एका पेटीत गाण्याची छापील प्रत होती. त्या काळी लोकप्रिय गाणी रंगीत मुखपृष्ठ घालून सुटी विकली जात, घरोघरी पियानोवर वाजवायला. त्या प्रतीवर एका बाईची सही होती, पण नाव अनोळखी. कलावंतांची रंगभूमीवरची नावं वेगळी असत, शोध घेणाऱ्याची पहिली अडचण तीच. तेव्हा 'द इरा' नावाचं साप्ताहिक निघे. १८३८ पासून १९३९ पर्यंत ते चाललं. नाटकवाले आणि गायनगृहवाले त्यात जाहिराती देत : सध्या अमुक गावी आहोत, अमुक सोमवारपासून मोकळ्या आहोत, पत्रव्यवहाराचा पत्ता हा. हा अंक आता संगणकावर शोधता येतो. शेजाऱ्यांनी सहीतलं नाव शोधलं. जाहिरातीत लीड्सच्या घराचा पत्ता होता. मुलाच्या जन्मदाखल्यावरचा पत्ताही तोच! दोन कागद जुळले आणि दोन बाया एक झाल्या.

मग ते नाव घेऊन त्यांनी पुन्हा १८९१ ची यादी उघडली. खानेसुमारीची रात्र रविवारची असे. रविवारी खेळ बंद. गाणारे एका गावाचा आठवडा संपवून दुसऱ्या गावी पोचलेले. ती हल शहरात एका भाडोत्री घरात सापडली. त्याच घरात एक कसरतपटू जोडपं आणि एक बोलक्या बाहुल्यांवाला. आणि आपल्या बाईच्या नावापुढं धंदा : गायिका. सरकारी कारकुनाच्या अक्षरात, शाईनं.

लीड्सच्या ग्रंथालयात जुन्या खेळांच्या छापील जाहिराती जपून ठेवल्या आहेत. एकीवर तिचं नाव निघालं. वरून दहावं, बारीक टाइपात. मोठ्या अक्षरांत ती कधीच छापली गेली नाही. शेजाऱ्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. ते म्हणाले, "मी तीस वर्षं बस चालवली. माझंही नाव कुणी मोठ्या अक्षरांत लिहिलं नाही. पण बस रोज वेळेवर गेली."

शेवटचा कागद १९११ चा. बाई लीड्सच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी घरात, म्हणजे वर्कहाउसमध्ये. आवाज गेला की गाणाऱ्याच्या पाठीशी काहीच नसे. ती वर्कहाउसची इमारत आजही आहे, तिथं आता वैद्यकशास्त्राचं संग्रहालय आहे. तरुणपणी वारली म्हणून सांगितलेली आई मुलाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिवंत होती. शेजारी हे सांगताना थांबले. मीही काही बोललो नाही.

म्युझिक हॉलचं सगळंच मी डोक्यावर घेणार नाही. चेहऱ्याला काजळी फासून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ तिथं धो-धो चालत. साम्राज्याच्या लढायांची गाणी चालत. युद्धखोर देशाभिमानाला इंग्रजीत 'जिंगोइझम' म्हणतात. तो शब्द १८७८ च्या सुमारास तिथल्याच एका गाण्यामुळं रूढ झाला. पण तिथंच गिरणीतल्या पोरीला आपल्या घरभाड्यावर, दारुड्या नवऱ्यावर, खडूस मालकिणीवर गाणं म्हणता येत होतं. मारी लॉइड ही त्यातली सर्वांत लाडकी गायिका. १९१२ साली राजासमोर म्युझिक हॉलचा खास खेळ झाला, त्यातून तिला वगळलं. तिचे हावभाव दरबारी सभ्यतेत बसत नव्हते. १९२२ साली ती गेली तेव्हा हजारो माणसं रस्त्यावर उतरली, आणि टी. एस. एलियटसारख्या कवीनं तिच्यावर लेख लिहिला. राजाला चालली नाही ती कवीला चालली.

आता आपल्याकडे येऊ. कारण व्हिक्टोरिया राणीचं राज्य इथंही होतं, आणि राणीच्या नावाची नाटकगृहंही होती.

मुंबईत ग्रँट रोडला १८४६ साली नाटकगृह उघडलं. त्यासाठी नाना शंकरशेट यांनी जागा दिली होती. १८५३ साली सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीनं तिथं खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळींनीही आपलं नाटक केलं. १८६८ साली 'व्हिक्टोरिया नाटक मंडळी' निघाली, १८७० साली तिचं स्वतःचं 'व्हिक्टोरिया थिएटर' झालं. १८७१ साली तिनं उर्दू नाटक केलं आणि मग उर्दू संगीत नाटकांचा पूरच आला. १८८५ साली खुर्शेदजी बालीवाला ही मंडळी थेट लंडनला घेऊन गेले. तिथं त्यांना आर्थिक फटका बसला, पण ते जाऊन आले खरे. ग्रँट रोडच्या त्या भागात इतकी नाटकगृहं झाली की इंग्रजीतल्या 'प्लेहाउस'चं लोकांनी 'पिला हाउस' करून टाकलं. आजही जुना टॅक्सीवाला तेच नाव घेतो. पुढं बरीच नाटकगृहं चित्रपटगृहं झाली. नाव तेवढं राहिलं.

माझ्या दादीचे वडील, आमच्या घरच्या शजऱ्याप्रमाणे, 'मुंबईस कारखान्यात मिस्त्री' होते. दादी सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी वारली, तेव्हा मी कॉलेजात होतो. तिच्याकडून ऐकलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या होत्या. एक, तिचं बालपण पिला हाउसला एका चाळीत गेलं. दुसरी, तिच्या अब्बांच्या डाव्या हाताच्या नखांची मुळं कायम चिरलेली, घट्टे पडलेली असत. "यंत्रावर लागायचं रे त्यांना," ती म्हणायची. शिवाय माळ्यावर जुन्या दुलईत गुंडाळलेला एक लाकडी गज होता आणि डबीत राळेचा खडा. लहानपणी आम्ही त्या गजाचा धनुष्य म्हणून खेळ करत असू.

लीड्सहून परत आल्यावर मी तो गज एका बुजुर्ग सारंगियांना दाखवला. त्यांनी हातात घेताच सांगितलं, हा सारंगीचा आहे. नखांची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले आणि त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्यापुढं धरला. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी घासून सूर काढतात. तिथंच घट्टे पडतात. कुठल्याही कारखान्यातलं यंत्र नेमकं चार नखांच्या मुळाशी आणि तेही फक्त डाव्या हाताला लागत नाही. पिला हाउसला राहणारा, माळ्यावर सारंगीचा गज ठेवणारा, अशी नखं असलेला हा माणूस मिस्त्री नव्हता.

पण पुढं वाट बंद होती. जुन्या जाहिराती पाहिल्या. त्यांत कंपनीच्या मालकाचं नाव आहे, नटांची नावं आहेत, पडदे रंगवणाऱ्याचं नावदेखील कुठं कुठं आहे. वाजवणारे सगळे 'साजिंदे' या एका शब्दात उरकलेले. आपल्याकडे खानेसुमारी १८७२ पासून झाली, पण त्या काळच्या खानेसुमारीचे आकडे राहिले, माणसांची नावं राहिली नाहीत. गाणारे-वाजवणारे इतके इतके, असा आकडा सापडेल. त्यात आमचे पणजोबा एक, बस्स. लीड्सच्या बाईला कारकुनानं निदान 'गायिका' म्हणून लिहून ठेवलं. बारीक टाइपातलं दहावं नाव हीसुद्धा केवढी श्रीमंती असते, हे मला तेव्हा समजलं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा थोरले भाई गप्प बसले. मग म्हणाले, "तू कवी आहेस, तुझं चालतं. घरात मुलींची लग्नं व्हायची आहेत. कशाला उकरून काढतोस?" त्यांचा राग माझ्यावर नव्हता. आमच्यात मिरासी, साजिंदे, गाणारणी यांच्याशी सोयरीक कोण करतो, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. लीड्सच्या आजोबांनी आईला जिवंतपणी मारलं, आमच्या घरानं बापाला मिस्त्री केलं. चर्च असो की मशीद, अब्रूचं गणित सगळीकडे एकच. ज्या गाण्यावर माणसं जीव टाकतात, ते गाणाऱ्याशी नातं सांगायला तीच माणसं लाजतात. आणि मंडळी, ही लाज फक्त मुसलमान घरांत आहे असं समजू नका. तमाशात ढोलकी वाजवलेल्या आजोबांचा फोटो किती घरांत भिंतीवर लागतो, ते आठवून पाहा.

मी भाईंना इतकंच विचारलं, "दादी आपल्याला झोपवताना जे गुणगुणायची, ते तिला कुणी शिकवलं? तिच्या अंगाईत ठेका कधी चुकत नव्हता. तो कुठल्या कारखान्यात मिळतो?" माझ्या कवितेत लय कुठून आली, असं मला मुलाखतींत विचारतात. मी आजवर ओवीचं नाव घेत आलो, ग़ज़लेचं घेत आलो. ती दोन्ही नावं खरीच आहेत. आता त्यांत तिसरं नाव घालतो : डाव्या हाताची चार नखं.

गेल्या वर्षी धाकट्या पुतणीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाकडच्यांनी घराण्याची माहिती मागितली. मी शजरा नव्यानं लिहून काढला. दादीच्या वडिलांच्या नावापुढं 'सारंगिया, पिला हाउस, मुंबई' असं लिहिलं आणि कागद भाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. खोडला नाही. तसाच पाठवला. मुलाच्या आजोबांचा निरोप आला : आमच्याकडेही एक तबलजी होते, पण त्यांचं नाव कुणाला आठवत नाही.

तुमच्या घरात कुणी सत्तरी-ऐंशीचं माणूस असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. पराक्रम विचारू नका, ते त्यांनी शंभरदा सांगितलेले असतात. कोण कुठं राहायचं ते विचारा. हात कसे होते, आवाज कसा होता, रात्री घरी किती वाजता यायचे, ते विचारा. माळ्यावरची वस्तू भंगारात देण्याआधी ती कशाची आहे, हे जाणत्या माणसाला दाखवा. फोटोच्या मागं नाव आणि साल लिहून ठेवा. आपल्याकडे लिहून ठेवणारा कारकून नव्हता. ते काम आता आपल्यालाच करायचं आहे.